चौकशी

पहिला फोन गडहिंग्लजहून. बुधवारी, दुपारी.
मी मिशन हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलात
इन्सुलिनचा खोका फ्रिजमध्ये सरकवत होतो.
"नदीवेस संघाचे गोलकीपर ना तुम्ही?
ते बारगीर सर... माणूस कसा आहे?"

स्थळाची चौकशी करतात तसा आवाज.
पत्रिका जुळलीय, घरबीर पाहून झालंय,
आता फक्त शेजारपाजारी.

चांगला आहे, म्हणालो.
पलीकडं शांतता.
चांगला आहे एवढंच म्हटलं की
मिरजेपासून गडहिंग्लजपर्यंत सगळ्यांना कळतं
काहीतरी आहे.

काय आहे ते मग त्यांनीच सांगितलं:
तोंडानं फटकळ. अध्यक्षांशी पटत नाही.
चार वर्षांत एक चषक, तोही पेनल्टीवर.
आणि शेवटी ते पाच-शून्य.

चार, मी म्हणालो. पाचवा ऑफसाइड होता.
फोन ठेवून दिला होता त्यांनी.

हातात नारळ दिला, असं नुसतं म्हणतात लोक.
आमच्याकडं खरंच दिला.
मैदानावर मांडव, शाल, श्रीफळ,
सेक्रेटरी सुकुमार मगदूम यांचं चार शब्दांचं म्हणून
वीस मिनिटांचं भाषण,
आणि पाकिटात ते पत्र.
सरांनी नारळ तिथंच रोलरवर आपटला,
खोबरं पोरांना वाटलं,
शाल गोलपोस्टच्या फाटक्या जाळीला बांधली
आणि सायकलवर बसून गेले.
हेही आता चौकशीत येतं. "शाल टाकून दिली म्हणे?"
टाकली नाही हो. बांधली. भोक होतं तिथं.

विट्याहून फोन आला तेव्हा
"बारगीर अजून मोकळेच आहेत का?" असं विचारलं,
खोली मोकळी आहे का विचारतात तसं.
एवढे दिवस मोकळी आहे
म्हणजे भिंतीला ओल असणार.

मी कुणालाच सांगितलं नाही
की त्या मॅचच्या आदल्या रात्री
या काउंटरवर माझी डबल ड्यूटी होती.
तिसरा गोल माझ्या पायांमधून गेला
रांगत, एखाद्याच्या घरचं मूल
उंबरा ओलांडून बाहेर जावं तसा.
सरांना माहीत होतं. सकाळी डोळे बघितले होते माझे.
कमिटीत त्यांनी एकच वाक्य टाकलं:
"संघ मी उतरवला."
ते वाक्य माझ्या वाटणीचं होतं.
फोनवर दर वेळी जिभेवर येतं
आणि नेमकं गिऱ्हाईक येतं. किंवा
आलंय असं मी समजतो.

परवाचा फोन कवठे महांकाळचा. शाळा. बारा वर्षांखालची मुलं.
बाई नेमक्या बोलत होत्या:
"बसचं लायसन आहे का त्यांच्याकडं?
सकाळची फेरी, संध्याकाळची फेरी, मधे खेळ."
आहे, म्हणालो. हेवी.
चार वर्षं आम्हाला टेम्पोतून त्यांनीच नेलं,
हरलो की गाणी लावायचे, जिंकलो की बंद.
बाई हसल्या.
पगार त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला नाही.

काल सर स्वतः आले. बीपीच्या गोळ्या.
एरवी महिन्याच्या नेतात.
"सात दे. पुढचं पुढं."
फोनचं त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही.
बाहेर रिक्षावाले पेशंटवरून भांडत होते.
मी कात्री घेतली, आणि पट्टी न कापता
दहाची अख्खीच पुडीत घातली.
त्यांनी पुडी दाबून बघितली.
"किती आहेत?"
मोजण्यात मी कच्चा, सर. तुम्हाला माहीत आहे.

"पाच होते," ते म्हणाले,
सुटे पैसे काउंटरवर एकेक लावत.
"चार चार सांगत फिरू नकोस लोकांना."